घंटा

ओगिसोबाई पुढे चालतात, मी सगळ्यांच्या मागे.
माझं काम मोजायचं.
मागोमेच्या चढावर अकरा, पाणचक्कीपाशी अकरा,
एकदा बारा भरले, कारण घाबरून
मी स्वतःलाही धरलं होतं.

नागोयाहून आलो, महिना झाला. अजून शिकतोय.
रस्ता काटकोनात वळतो तिथे थांब.
सांग, शत्रूला धाव घेता येऊ नये म्हणून हे वळण.
मग सांग, भाजीच्या गाडीलाही ते कधी घेता आलं नाही.
हसतील. हसू दे. पुढे चल.
दगडी फरसबंदीवर गप्प बस,
तिथे ज्याला त्याला आपल्या घोट्याची पडलेली असते.
आणि हिनोकीखाली आवाज उतरव:
एक झाड तोडलं तर एक मुंडकं, असा इथला कायदा.
झाड त्यांचं, मुंडकं आपलं.
बाई अजून 'आपलं' म्हणतात.

रानात खांबांना घंटा टांगल्यात,
खाली पाटी: जोरात वाजवा, अस्वलं आहेत.
बेल्जियमचा दंतवैद्य हळूच टोल देतो,
कुणाच्या दारात रात्री उशिरा आल्यासारखा.
बाईंच्या पिशवीला त्यांची स्वतःची घंटा असते,
लिंबाएवढी, पितळेची.
बसमध्ये त्या तिला रुमालात बांधतात,
उतरलं की सोडतात.

त्या दिवशी सोडायच्या राहिल्या.

खिंडीपर्यंत घंटा मुकी,
आणि बाई सांगतायत, ऐका,
या आवाजानं अस्वल आपली वाट बदलतं.
मान तिरकी करून, बोट वर धरून
त्या स्वतःही ऐकत होत्या.
मी मागून निळ्या रुमालाची गाठ बघत होतो.

चहाच्या घरी तोकुजीआजोबांनी चूल फुंकली,
धुरात सगळ्यांचे डोळे भरून आले, ते बरं झालं.
बाई लोणच्यातल्या आलुबुखाराची बी
एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत होत्या.
मी पिशवी उचलून ठेवायच्या निमित्तानं
गाठ सोडली, रुमाल खिशात घातला.

उताराला लागलो. घंटा वाजू लागली.
ओसाकाच्या दोघी बहिणींनी एकदम वर बघितलं.
बाईंनी त्यांची तोंडं बघितली.
मग पुढेच बघत म्हणाल्या,
"हिबिनो, रुमाल धुऊन दे. महागातला आहे."

धबधब्यापाशी लोक फोटो काढत होते.
बाई बुटांतून पाय काढून खडकावर बसल्या.
आधी रातकिडे गेले, म्हणाल्या,
मग किटलीची शिट्टी. एकदा तळ जळला तिचा.
मग ही.
धबधबा आहे अजून. तो तळव्यांतून येतो.

मग घंटा वाजतेय हे कळतं कसं?

"पहिल्या वळणावर प्रत्येक जण
एकदा तरी पिशवीकडे बघतो.
आज कुणीच बघितलं नाही.
मला वाटलं, आजची माणसंच दमलेली आहेत."
आणि हसल्या, इतक्या मोठ्यानं
की दंतवैद्यानं वळून त्यांचाच फोटो काढला.

कचेरीत सांगायचं का, मी विचारलं नाही.
त्यांनीही 'सांगू नकोस' म्हटलं नाही.
मोजे चढवताना एवढंच म्हणाल्या,
अस्वलाचे कान चांगले असतात.

त्सुमागोला पोचलो तेव्हा दिवे लागत होते.
अकरा. पुन्हा मोजले, अकरा.
वाकून निरोप झाले, कुणी चेस्टनटची मिठाई दिली,
परतीच्या बसला आम्ही दोघंच, आणि समोर
आईच्या मांडीवर एक लहान मूल.

रुमाल मी परत दिला, धुवायचा राहूनच गेला.
बाईंनी घंटा बांधली, पिशवी मांडीवर घेतली.
"वाजतेय का?"
नाही, म्हणालो.
वाजत होती. प्रत्येक वळणावर, थोडी,
दातांत अडकल्यासारखी.

बाईंनी समोरच्या मुलाकडे पाहिलं,
मूल पिशवीकडे बघून हसत होतं.
मग माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ,
आणि गाठ आणखी एकदा आवळली.